गळालेले तीन ‘नाही’

अणुवीज प्रकल्पाच्या कार्यालयात तिला सगळे बिनचूकबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण ते खरंच होतं. प्रती काढायच्या मेणकागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, टंकताना चूक झाली की ती बुजवायला एक गुलाबी औषध मिळायचं, नखांच्या रंगासारखं छोट्या बाटलीत. बाकीच्या टंकलेखिकांची बाटली महिन्याभरात संपायची. हिची चौदा वर्षं खणात पडून आतल्या आत वाळली होती. नवीन कोणी रुजू झालं की बिनचूकबाई ती बाटली सहज म्हणून बाहेर काढायची आणि कानाशी हलवून दाखवायची. आतला खडा खुळखुळायचा.

घरी या कौशल्याचं कुणाला काही नव्हतं. नवरा पोस्टात होता. माणूस शांत, पण पोटात काही राहत नसे. सकाळी त्याला सांगितलेली गोष्ट दुपारच्या टपालाबरोबर गावभर वाटली जायची. म्हणून बिनचूकबाई त्याला फार काही सांगत नसे. शेजारच्या घरात थोरली नणंद राहायची, पाच पोरांची आई, आवाज असा की शाळेची घंटा बिघडली तरी चालावं. बिनचूकबाईला स्वतःचं मूल नव्हतं. वन्संची पाचही पोरं शाळा सुटली की आधी तिच्या ओट्यावर यायची, डबे उघडून बघायची, आणि मग आपल्या घरी जायची.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात, पहाटेच्या पाळीत प्रकल्पातल्या एका टाकीला भेग गेली. भट्टीकडचं दूषित पाणी नाल्यावाटे तलावात उतरलं. गावाच्या नळांना पाणी त्याच तलावातून यायचं. हे बिनचूकबाईला नऊ वाजताच कळलं होतं, कारण पाळीचा अहवाल टंकायला तिच्याकडेच आला. सव्वानऊला तो अहवाल परत नेण्यात आला. साडेनऊला शिपाई येऊन कार्बन कागदसुद्धा घेऊन गेला.

अकरा वाजता जनसंपर्क अधिकाऱ्यांनी तिला मजकूर घ्यायला आत बोलावलं. यांना सगळे नुसतेच साहेब म्हणत. ती वही उघडून बसली तर साहेब घरी फोनवर बोलत होते.

“पोरांना घे आणि तुझ्या भावाकडे जा. आज नाही, आत्ता. कारण विचारू नकोस. आणि नळाचं पाणी तोंडाला लावू नका.”

त्यांनी फोन ठेवला, रुमालाने मान पुसली आणि त्याच दमात म्हणाले, “हं, घ्या बाई. नळाचे पाणी पिण्यास हरकत नाही. मुलांना घराबाहेर खेळावयास सोडण्यास हरकत नाही. तलावातील मासे खाण्यास हरकत नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही.”

असं अर्धं पान. साहेबांचा हात ‘नाही’वर बसलेला होता, एकदा सुरू झाले की थांबत नसत.

बिनचूकबाईला राग आला असेल असं कोणालाही वाटेल. पण ती पुढे कधीतरी म्हणाली त्याप्रमाणे तिला आधी गंमत वाटली. एकच तोंड, एकच खुर्ची, आणि मध्ये फक्त रुमाल. राग आला तो बाहेर आपल्या टेबलाशी आल्यावर, यंत्रात स्टेन्सिल चढवताना. बारा वाजता शाळेची मधली सुट्टी व्हायची. पाचही पोरं मैदानातल्या नळाला तोंड लावून पाणी प्यायची, आणि धाकटा तर अंगावर उडवून घ्यायचा.

तिने वहीतले ‘नाही’ मोजले. अकरा भरले. मग ती टंकायला लागली, नेहमीच्या वेगाने, न अडखळता. आठ ‘नाही’ जागच्या जागी बसवले. तीन गाळले. नळाचे पाणी पिण्यास हरकत. मुलांना घराबाहेर खेळावयास सोडण्यास हरकत. तलावातील मासे खाण्यास हरकत. प्रत्येक ठिकाणी मोकळी जागा बरोबर एका शब्दाची सोडली, जास्त नाही, कमी नाही.

साहेबांनी सही केली. वाचलं नाही. बिनचूकबाईंचा कागद वाचायचा नसतो, अशी त्या कार्यालयाची पद्धतच पडली होती.

पावणेबारापर्यंत चारशे प्रती निघाल्या आणि शाळा, मंडई, बसथांबा, नळकोंडाळी, जिथे भिंत दिसली तिथे चिकटल्या. शाळेच्या मुख्याध्यापकांनी पत्रक दोनदा वाचलं, मधल्या सुट्टीची घंटा द्यायची ती दिलीच नाही, नळाला पोतं गुंडाळलं आणि पोरांना रांगेने घरी पाठवून दिलं. बायकांनी भरलेल्या घागरी गटारात ओतल्या. टेकडीपलीकडे एक जुनी विहीर होती, तिच्याकडे माणसांची रीघ लागली.

साहेबांना हे तीन वाजता कळलं. चार वाजता कर्णा लावलेली जीप गावात फिरायला लागली. “पत्रकात चूक झाली आहे. पाणी पिण्यास हरकत नाही. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये.” त्याने तर कहरच झाला. सकाळी ज्यांनी पत्रक वाचलं नव्हतं तेही आता विहिरीकडे निघाले. जीप जितकी फिरली तितकी गावाची खात्री पटत गेली. चार दिवस कोणी नळाखाली भांडं धरलं नाही.

वन्संनी पोरांना चार दिवस घरात कोंडलं. भर उन्हाळा, दारं-खिडक्या बंद, आणि पाच पोरं. दुसऱ्या दिवशी कपाटाचा आरसा फुटला. तिसऱ्या दिवशी गादी फाडून त्यातला कापूस थोरल्याने दाढी म्हणून लावला. चौथ्या दिवशी वन्सं ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “त्या प्रकल्पात चूक कोणी केली ते मला कळू दे फक्त.”

“माझ्याकडूनच झाली, वन्सं,” बिनचूकबाई म्हणाली. “कळ अडकली.”

चौकशी समितीपुढेही तिने तेच सांगितलं. यंत्राची ‘न’ची कळ अडकते. समितीत तीन मोठे अधिकारी होते, आणि तिघांनीही आयुष्यात स्वतः एक ओळ टंकलेली नव्हती. त्यांनी गावातल्या टाइपरायटर मिस्त्रीला बोलावलं. समिती यायच्या आधी मिस्त्री यंत्र तपासायला एकटा बसला, कळ पंधरा-वीस वेळा दाबली. लोण्यासारखी चालत होती. त्याने मान वर करून बिनचूकबाईकडे पाहिलं. बिनचूकबाई खिडकीबाहेर पाहत होती. मिस्त्रीच्या बायकोला सातवा महिना होता, आणि तीही चार दिवस विहिरीचंच पाणी प्यायली होती. मिस्त्रीने पिशवीतून पकड काढली, कळीच्या दांडीला हलकेच एक बाक दिला आणि पकड परत पिशवीत टाकली.

“अडकते,” समिती आल्यावर तो म्हणाला.

“मग बाकीचे आठ ‘नाही’ नीट कसे उमटले?” अध्यक्षांनी विचारलं.

“तीच तर अडकणाऱ्या कळीची खोड आहे, साहेब. नेहमीच अडकली असती तर बाईंनी मला आधीच बोलावलं नसतं का?”

“पण ‘न’ अडकला तर नुसता ‘न’ जाईल. अख्खा शब्द कसा जातो?”

यावर मिस्त्रीने गाडा, दात्यांचं चाक, स्प्रिंगचा ताण आणि हवेतला दमटपणा यांवर पाव तास भाषण दिलं. त्यातलं त्यालाही पुन्हा सांगता आलं नसतं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि ‘तांत्रिक दोष’ असं लिहून घेतलं. दांडीला दिलेला बाक मात्र पुरता सरळ झालाच नाही. पुढे नऊ वर्षं, कार्यालयात संगणक येईपर्यंत, ती कळ खरोखर अडकत राहिली आणि बिनचूकबाई प्रत्येक ‘न’ला करंगळीने जास्तीचा जोर देत राहिली.

समितीचा अहवाल टंकायलाही तिच्याकडेच आला. ‘प्रकल्पात कोणतीही अनुचित घटना घडलेली नाही. टंकलेखनातील चुकीमुळे नागरिकांत गैरसमज पसरला.’ टाकी नाही, भेग नाही, तलाव नाही. सरकारी दप्तरी त्या दिवशी प्रकल्पात एकच अपघात घडला होता आणि तो हिच्या टेबलावर. तिने अहवाल टंकला, एकही चूक न करता. मग तिला मेमो मिळाला, सेवापुस्तकात नोंद झाली आणि तिला जावक विभागात पाकिटं चिकटवायला बसवलं. तिच्या जागी आलेल्या मुलीने ‘माननीय’ हा शब्द चार प्रकारे लिहून दाखवल्यावर सहा महिन्यांत बिनचूकबाईला परत बोलावलं, ते निराळं.

मेमोचं तिला काही वाटलं नाही. बदलीचंही नाही. तिला आतून कुरतडत राहिलं ते एवढंच, की लोक तिच्या हातून चूक झाली असं धरून चालले होते. कार्यालयात बाटली हलवून दाखवायची सोय राहिली नाही. घरी तर वन्संच्या हातात आयतं कोलीत मिळालं. बिनचूकबाईने कशात काही चूक काढायचा अवकाश, की वन्सं म्हणायच्या, “राहू दे गं. तुझी चूक चारशे प्रतींत छापलेली आहे.” नवरा हसायचा. अठ्ठावीस वर्षं तिने हे ऐकून घेतलं. ओठावर आलेलं परत गिळायची तिला इतकी सवय झाली की निवृत्त झाल्यावरही, आता कोणी काही करू शकत नसताना, तिने कोणाला सांगितलं नाही.

ती चौसष्ट वर्षांची असताना एक लेखिका तिचं घर शोधत आली. तीस-बत्तीसची, आखूड केसांची, खांद्याला भली मोठी पिशवी. टेलिव्हिजनसाठी आठ भागांची मालिका लिहीत होती, अणुभट्टीतल्या गळतीवर आणि ती कशी दडपली गेली त्यावर. जुन्या दप्तरात तिला तो अहवाल सापडला होता.

“बाई, तीन ‘नाही’ गळले आणि नेमके हेच तीन,” ती म्हणाली. “तुम्ही मुद्दाम केलंत ना?”

“कळ अडकली.”

“तुमचं नाव मालिकेत येईल. लोक तुम्हाला डोक्यावर घेतील.”

“या वयात कुठे डोक्यावर चढू? चहा घे.”

लेखिकेने तीन वेळा चहा घेतला आणि तीन दिशांनी तोच प्रश्न विचारला. बिनचूकबाई ढळली नाही. उलट तिने मिस्त्रीचं दात्यांच्या चाकावरचं भाषण जमेल तेवढं म्हणून दाखवलं. लेखिका हिरमुसली. यंत्राची कळ अडकते यात मालिकेला काय मिळणार? जाताना म्हणाली, “मग मला माझं काहीतरी रचावं लागेल.”

“रच की,” बिनचूकबाई म्हणाली.

ते किती महागात पडेल ते तिला पाचव्या भागात कळलं.

मालिका दर रविवारी संध्याकाळी सात वाजता लागायची. वन्संकडचा टीव्ही मोठा, म्हणून सगळे तिथे जमायचे: दोघींचे नवरे, वन्संची पाच पोरं (आता पोटं सुटलेली), त्यांच्या बायका आणि गल्लीतले चार-सहाजण. पहिल्या चार भागांत बिनचूकबाईला फार काही टोचलं नाही. एक देखणा अभियंता होता, बंद खोलीतसुद्धा त्याचे केस उडायचे. साहेबांच्या भूमिकेत एक जाड मिशांचा नट होता, तो प्रत्येक वाक्यानंतर टेबलावर मूठ आपटायचा. खरे साहेब टेबलावरची धूळसुद्धा हळूच पुसायचे. पण असो, नाटक म्हटलं की एवढं चालायचंच.

पाचव्या भागात टंकलेखिका आली. विशीतली, भेदरलेली, ओठ थरथरतायत. ती पत्रक टंकायला बसली आणि दोन बोटांनी टंकू लागली.

“दोन बोटांनी,” बिनचूकबाई म्हणाली.

“शू,” वन्सं म्हणाल्या.

पडद्यावर मुलीला रडू फुटलं. व्हायोलिन सुरू झालं. कॅमेरा जवळ गेला. मुलीचा एक टपोरा अश्रू गालावरून घरंगळत स्टेन्सिलवर पडला आणि त्याखालचा ‘नाही’ हळूहळू पुसला गेला. मग दुसरा अश्रू. दुसरा ‘नाही’. खोलीत कोणीतरी नाक ओढलं. वन्संच्या थोरल्या सुनेने डोळ्याला पदर लावला.

बिनचूकबाई उठून उभी राहिली ती थेट टीव्हीच्या समोर.

“स्टेन्सिल मेणाचा असतो. त्यावर पाणी ठरतच नाही, पुसणार कुठून? आणि त्यात अक्षरं शाईची नसतात, भोकं असतात. भोकं पुसतात कधी?”

“बाजूला हो गं, काही दिसत नाही,” वन्सं म्हणाल्या. “मेण काय नि भोकं काय. शेवटी चूक झालीच ना तुझ्या हातून.”

“नाही झाली,” बिनचूकबाई म्हणाली. “चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक झालेली नाही. अकरा ‘नाही’ होते. मला आठ ठेवायचे होते, मी आठ ठेवले. तीन काढायचे होते, तीन काढले. दहा बोटांनी. आणि मी रडले नव्हते.”

धाकट्या भाच्याने टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर अभियंत्याचे केस मुकाट्याने उडत राहिले. नवरा बायकोकडे असा बघत होता, जणू अठ्ठावीस वर्षांचं टपाल एकदम अंगावर पडलं होतं.

वन्संना सगळ्यांत उशिरा समजलं, पण समजलं ते पुरतं. “म्हणजे,” त्या एकेक शब्द तोलत म्हणाल्या, “माझ्या घरात ही पाच भुतं चार दिवस कोंडून ठेवलीस, ती तू मुद्दाम?”

“हो.”

“आरसा माझ्या माहेरचा होता.”

“माहीत आहे, वन्सं.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर जीपला कर्णा लावायची गरजच पडली नसती.”

वन्संनी तिच्याशी बोलणंच टाकलं. बिनचूकबाईच्या नवऱ्याने मात्र पुढचे दोन दिवस सत्कारणी लावले. मंगळवारपर्यंत गावात ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस उरला नाही.

बुधवारी सकाळी साहेब दारात उभे. सत्तरीचे झाले होते, हातात काठी, ओठावर मिशांचा मागमूस नाही. चहा घेईपर्यंत ते हवापाण्याचं बोलले. मग घसा साफ करून म्हणाले, “बाई, इतकी वर्षं मीही एक गोष्ट मनात ठेवली. ते पत्रक मी वाचलं होतं. वाचून, समजून सही केली.”

“अगबाई,” बिनचूकबाई म्हणाली. “मग मला मेमो?”

“तुमच्यावर आणखी मोठं काही येऊ नये म्हणून. मेमोवर भागवलं.” त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “तुम्ही त्या लेखिकेला एक शब्द टाकलात तर पुढे काही दुरुस्ती होईल. नातवंडं मला मिशीवाला राक्षस म्हणतात हो.”

बिनचूकबाईने त्यांच्याकडे मायेने पाहिलं. मांजर वाटीकडे पाहतं तितक्या मायेने.

“सांगते की. तुम्ही वाचलं होतं ना, मग तीन कुठले गळले होते तेवढं सांगा. लेखिका विचारेल.”

“पाणी,” साहेब लगेच म्हणाले. “आणि मुलं. मुलांना बाहेर सोडण्याचं.” मग ते थांबले. कपातल्या चहात पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं.

“आणि?”

“आणि… घाबरून जाण्याचं कारण?”

“मासे, साहेब.”

“मासे,” साहेब म्हणाले. “आमच्याकडे खात नाहीत. म्हणून लक्षात राहिलं नसेल.”

तिने त्यांना आणखी अर्धा कप दिला. लेखिकेला फोन करून मिशांचं तेवढं सांगितलंही. पण उरलेले भाग आधीच तयार झाले होते. साहेब आठव्या भागापर्यंत मिशीसकटच राहिले.

मालिकेवरून बोभाटा बराच झाला, वर्तमानपत्रांत लिहून आलं, आणि प्रकल्पातल्या नव्या अधिकाऱ्यांना त्या वर्षीची तलावाच्या पाण्याची नोंदवही खुली करावी लागली. गावच्या वाचनालयात पंधरा दिवस ती काचेखाली उघडी ठेवली होती. वन्सं बोलायला लागल्या त्या तिथे जायच्या निमित्ताने. दोघी सकाळीच गेल्या. वन्संनी काचेवर बोट ठेवून तारखा वाचल्या. पहिला दिवस, किरणोत्सर्ग मर्यादेच्या एकोणीस पट. दुसरा, चौदा. तिसरा, नऊ. चौथा, चार. बोट तिथेच थांबलं. मग ते परत पहिल्या तारखेवर गेलं.

“धाकटा नळाखाली डोकं धरायचा,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आरसा तसाही डागाळलेलाच होता,” वन्सं म्हणाल्या, आणि वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना तिचा हात धरला. एरवी गुडघ्याचं निमित्त सांगून धरायच्या. त्या दिवशी काही सांगितलं नाही.

पुढे प्रकल्पाच्या नव्या तरुण अधिकाऱ्याने बिनचूकबाईला सन्मानाने बोलावून घेतलं. तिच्या सेवापुस्तकातली ‘टंकलेखनातील चूक’ ही नोंद रद्द करायची त्याची इच्छा होती. फक्त एक अडचण निघाली. चूक झाली नव्हती असं लिहायचं, तर मग मजकूर मुद्दाम बदलला असं लिहावं लागतं. तो शिस्तभंग होतो, आणि शिस्तभंगाची चौकशी नव्याने बसवावी लागते. अधिकाऱ्याने वर विचारलं. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं. फाइल अजून फिरते आहे.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बिनचूकबाई फाइलची चौकशी करायला इस्त्रीची साडी नेसून कार्यालयात जाते. तिला चहा मिळतो. चहा येईपर्यंत ती टेबलावरचा जो हाताला लागेल तो मसुदा ओढून घेते आणि पर्समधल्या लाल पेन्सिलीने तपासते. गेल्या खेपेला एका पानात सात चुका निघाल्या. आता सोमवार जवळ आला की कारकून मसुदे खणात टाकून कुलूप लावतात. अधिकाऱ्याला मात्र तिचा उपयोग कळला आहे, तो दोन-तीन पत्रं तिच्यासाठी मुद्दाम बाहेर ठेवतो.